आईला गावी एकटं ठेवायचं की शहरात आणायचं? आधी वडील काय काय करायचे ते लिहून काढा

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: आई ७२ वर्षांची, पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर एकटी राहते. वडील कंपनीतून निवृत्त होते, जाऊन आठ महिने झाले. तेवढ्यात आईचं वजन ५४ वरून ४९ किलोवर आलं. रक्तदाबाच्या गोळ्या कधी घेते, कधी नाही. विचारलं की 'मला काय धाड भरलीय' म्हणते. गावातल्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं आणि 'वय झालंय' म्हणाले. भाऊ सुरतला असतो. त्याचं म्हणणं, घर बंद करून आईला कुणीतरी घेऊन जावं, नाहीतर वृद्धाश्रम बघावा. आई उंबरा ओलांडायला तयार नाही. काय करावं?

ताई, मी सातारा जिल्ह्यातच तालुक्याच्या गावी बरीच वर्षं दवाखाना चालवते. माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांत एकट्या पडलेल्या विधवा खूप आहेत. तुम्ही विचारलंय आईला कुठे ठेवावं, पण त्याआधीचा एक प्रश्न सुटायचा राहिलाय. आठ महिन्यांपूर्वी त्या घरातून एक माणूस गेला आणि तो रोज करायचा ती सगळी कामंही गेली. ती आता कोण करतं? बहुतेक घरांत हे कुणी विचारलेलंच नसतं. दहावं-तेरावं होतं, पाहुणे पांगतात, मुलं कामावर जातात आणि बाई त्या रिकाम्या जागा एकटीच भरत बसते. पहिल्या वर्षात जी तब्येत ढासळते, तिची सुरुवात बऱ्याचदा इथून होते.

म्हणून पुढच्या खेपेला आईशेजारी बसा आणि वडील काय काय करायचे ते लिहून काढा. गोळ्या कोण आणायचं? दवाखान्याचे कागद कोण सांभाळायचं? आठवडी बाजार, दळण, सिलिंडर, लाइटबिल, बँक? रात्री लघवीला उठल्यावर अंगणातला दिवा कोण लावायचं? माझ्या एका पेशंट आजींचा रक्तदाब नवरा वारल्यावर दोन महिन्यांत १९० वर गेला होता. औषध तेच, डोसही तोच. पिशवी उलटी केली तेव्हा उलगडा झाला. आजोबा रोज सकाळी गोळ्या फोडून काड्यापेटीच्या झाकणात घालून चहाच्या कपाशेजारी ठेवत. आजींना वाचता येत नाही आणि तिन्ही गोळ्या पांढऱ्या, गोल. त्या रक्तदाबाची गोळी 'गुडघ्याची' म्हणून, दुखेल तेव्हाच घेत होत्या आणि गुडघ्याची गोळी रोज. औषध वाढवायची गरजच नव्हती. शेजारच्या सुनेने रविवारी बसून आठवड्याच्या पुड्या बांधायला सुरुवात केली आणि महिन्याभरात आकडा खाली आला.

आता वजनाचं. ५४ किलोच्या बाईचं आठ महिन्यांत पाच किलो वजन जाणं म्हणजे नऊ टक्क्यांच्या वर घट. सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन आपोआप उतरलं तर कारण शोधायचंच, असा आमचा नियम आहे. त्यावर टॉनिक हे उत्तर होत नाही. दुःखाने जेवण तुटतं हे खरं, पण 'दुःख आहे' म्हणून बाकीचं तपासायचं थांबवू नका. मी तुमच्या आईला तपासलं असतं तर काय बघितलं असतं ते सांगते, म्हणजे तिथल्या डॉक्टरांशी बोलताना तुम्हाला आधार राहील.

पहिलं तोंड. आई मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावते का? आपल्या भागात साठीच्या पुढच्या कितीतरी बायका लावतात आणि लेकी-सुनांना ती सवय वाटते, धोका वाटत नाही. उजेडात तोंड उघडायला लावून गालाच्या आतला भाग, जिभेच्या कडा, हिरड्या बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काही असेल तर लगेच दाखवा. त्याच वेळी दात मोजा. भाकरी चावत नाही म्हणून चहात बिस्किट बुडवून दिवस काढणाऱ्या बायका मी रोज बघते. रक्तात हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते), सोडियम आणि बी-१२ जीवनसत्त्व एवढं तरी बघावं. बी-१२ मुद्दाम सांगते. नवरा गेल्यावर कितीतरी बायका मटण, मासळी, अंडी सोडून देतात. कुणी सांगितलेलं नसतं, आपल्याआपण सोडतात. पायाला मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा यामागे कधीकधी तेवढंच असतं. दोन आठवड्यांवर खोकला असेल किंवा संध्याकाळी कणकण असेल तर क्षयाची तपासणी करा, ती सरकारी रुग्णालयात मोफत होते.

आणि एक गोष्ट आई स्वतःहून सांगणार नाही, ती तुम्ही विचारा. तुम्ही लेक आहात म्हणून तुम्हीच. लघवी आवरते का? खाली अंग बाहेर आल्यासारखं वाटतं का? अंगावर पांढरं किंवा लाल जातं का? पाळी गेल्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. लघवी आवरत नसेल तर बायका पाणी पिणंच कमी करतात. रात्री मागच्या दाराने बाहेर जायची भीती वाटते म्हणून संध्याकाळी पाचनंतर पाण्याला शिवायचंच नाही. मग लघवीला जळजळ, ताप, चक्कर, आणि एके दिवशी अंधारात पाय घसरून खुब्याचं हाड मोडतं. म्हातारपणी खुबा मोडल्यावर पुन्हा पहिल्यासारखं चालणं अनेकींना जमत नाही. अंग बाहेर येण्यावर रबरी रिंग बसवता येते, ऑपरेशनही होतं. वय झालं म्हणून सोसत बसायचं कारण नाही. तोवर खोलीत कमोडची खुर्ची, दाराशी रात्रभर जळणारा छोटा दिवा आणि न्हाणीत धरायला दांडा, एवढं या खेपेला करूनच ठाण्याला परत जा.

रक्तदाब बसून मोजतात तसा उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनीही मोजायला सांगा. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो आणि औषधात बदल लागतो. पाच किलो वजन गेलेल्या माणसाला जुना डोस जड होऊ शकतो. मधुमेह असेल आणि साखरेच्या गोळ्या चालू असतील तर उपासाच्या दिवशी त्यांचं काय करायचं हे डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्या. चतुर्थी, एकादशी, सोमवार, आणि आता नवऱ्याच्या नावाने धरलेला आणखी एखादा वार. काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर धोकादायक खाली येते. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेत असेल तर त्या आधी थांबवा. त्यांनी रक्तदाब वाढतो आणि किडनीवर ताण येतो.

खाण्याबद्दल मी बायकांना उपदेश करत नाही. एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येणारच. सकाळची भाकरी संध्याकाळी लोणच्याबरोबर खाल्ली की दिवस निघतो, आणि त्याच लोणच्याने, पापडाने रक्तदाब चढतो. दुपारचं एक जेवण कुणाबरोबर तरी होईल अशी सोय लावली तर बाकीचं बरंचसं सुधारतं. शेजारणीला दोघींचा शिधा द्या आणि दोघींनी एकत्र जेवावं असं ठरवा. फुकट जेवायला आईला लाज वाटेल, शिधा तिच्या घरचा असला की वाटणार नाही.

मनाबद्दल थोडं थांबून बोलते. आठ महिन्यांत रडू येणं, त्यांची आठवण काढून जेवण न जाणं, सण नकोसा होणं, हे दुःख आहे आणि त्याला गोळी नको. पण आवडीच्या कशातच जीव न लागणं, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, सगळं अंग दुखणं, 'मी सगळ्यांना भार' असं पुन्हा पुन्हा म्हणणं, हे आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं. म्हातारपणी ते 'मला उदास वाटतं' अशा शब्दांत येत नाही. 'अंगात त्राण नाही', 'पोटात कसंतरी होतं' असं येतं. उपचारांनी ते सुधारतं, सत्तरीतही. 'देवाने मला आता न्यावं' हे वाक्य आपल्याकडे सहज बोललं जातं, म्हणून आपण ते सोडून देतो. सोडू नका. शांतपणे विचारा, 'आई, जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बायका मोकळ्या होतात. घरात वडिलांच्या वेळच्या फवारणीच्या औषधाच्या बाटल्या पडून असतील तर त्या काही कारण न सांगता आजच हलवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. आईच्या तोंडून 'हो' आलं तर मात्र त्या दिवशी तिला एकटं ठेवायचं नाही आणि लगेच डॉक्टरांकडे न्यायचं.

याला लागूनच सामाजिक बाजू. हळदीकुंकवाला बोलावणं बंद होतं, लग्नाच्या घरात मागच्या रांगेत बसवतात, आणि सगळ्यात जास्त बंधनं बाई स्वतःच स्वतःवर घालून घेते. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो इतर ग्रामपंचायतींसमोर आदर्श म्हणून ठेवला. तुमच्या गावात ठराव झालेला असो वा नसो, तुम्ही घरापासून सुरुवात करू शकता. येत्या संक्रांतीला पहिलं वाण आईला द्या, चार बायकांच्या देखत. मी हे औषधाच्या चिठ्ठीइतकंच महत्त्वाचं मानते, कारण घराबाहेर पाऊल पडणाऱ्या बायका दवाखान्यातही वेळेवर येतात. गावात भजनी मंडळ असेल, बचत गट असेल, तर तिथे 'आईला घेऊन जाल का' असं एखाद्या बाईला नाव घेऊन सांगा. 'या हो कधीतरी' असं मोघम आमंत्रण कुणी मनावर घेत नाही.

आता पैसा आणि कागद. इथे बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, तरी क्रम असा ठेवा.

वडिलांना पीएफची पेन्शन मिळत असेल तर त्यांच्या पश्चात आईला विधवा पेन्शन लागू होते. साधारण वडिलांच्या पेन्शनच्या निम्मी, कमीत कमी महिना १००० रुपये. ती आपोआप सुरू होत नाही, मृत्यूचा दाखला लावून १०-डी फॉर्म भरावा लागतो. नंतर दरवर्षी हयातीचा दाखला. शेतात राबलेल्या बायकांच्या बोटांचे ठसे मशीनवर उठत नाहीत आणि 'आधार जुळत नाही' म्हणून त्यांना परत पाठवतात. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही निघतो, तो तुम्हीच घरी बसून काढा. घरचं उत्पन्न अगदी तुटपुंजं असेल तर ६५ वर्षांवरच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे, महिना १५०० रुपये. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० आहे, म्हणून पेन्शन धरून उत्पन्नाचा दाखला किती रकमेचा निघतो यावर सगळं ठरेल. अर्ज तहसील कचेरीत, संजय गांधी योजना शाखेत. पैसे तिच्याच खात्यात यावेत आणि एटीएम कार्ड तिच्याच ट्रंकेत राहावं. स्वतःच्या हातात महिन्याला थोडे पैसे असलेली बाई रिक्षा करून दवाखान्यात येते. मुलाच्या फोनची वाट बघणारी येत नाही.

उपचारांसाठी, आई सत्तरीच्या पुढची आहे म्हणून आयुष्मान वय वंदना कार्ड आजच काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ते ७० वर्षांवरच्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार. पण ते दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र धरा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या केंद्रांत आणि रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत, आणि रक्तदाब-मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मिळतात. केंद्रापर्यंत जायला एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहेच, ७५ पूर्ण झाल्यावर प्रवास मोफत होईल. आशाताईंचा नंबर तुमच्या मोबाइलमध्ये असायला हवा. महिन्यातून एकदा फोन करून 'आईचा रक्तदाब किती आला' एवढंच विचारत जा. कुणीतरी विचारणारं आहे हे कळलं की त्या घराकडे लक्ष जास्त जातं.

जमिनीबद्दल एक स्पष्ट सांगते, कारण मी ही भांडणं दवाखान्यात आजाराच्या रूपाने बघते. सातबाऱ्यावर वारस नोंद झाली का ते तलाठ्याकडे बघा. हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या कमाईच्या मालमत्तेत, मृत्युपत्र नसेल तर, आई, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा वाटा असतो. वडिलोपार्जित जमिनीचा हिशोब वेगळा पडतो, त्याला वकील हवा. पण पहिल्या वर्षभरात आईने हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र कुणाच्याही नावे करू नये, तुमच्याही नाही. पुढे कधी द्यायचंच ठरलं तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' असं दस्तात लिहून घ्या. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, ती अट मोडली तर हस्तांतरण रद्द मागता येतं. त्याच कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. तुमच्या भावाशी तुमचं भांडण नाही, त्यामुळे हे लागणार नाही अशी आशा आहे. पण आईला हे माहीत असावं. अडचणीत तिला स्वतःला विचारता येईल असा ज्येष्ठांसाठीचा मोफत क्रमांक १४५६७ आहे, तो मोठ्या आकड्यांत भिंतीवर लिहून ठेवा.

इथवरचं थोडक्यात: वडिलांच्या कामांची यादी, वजनाचं कारण शोधणं, मनाची विचारपूस, तिच्या नावावर पैसा आणि कागद. हे मार्गी लागल्याशिवाय जागा बदलण्याचा निर्णय घेऊ नका, कारण उपाशी, अर्धवट औषधावर असलेली, दुःखातली बाई कुठेही नेली तरी तशीच राहणार.

मग शहरात आणायचं की नाही? मी सरसकट उत्तर देत नाही. आई दोनदा पडली असेल, गॅस चालू ठेवून विसरत असेल, ओळखीच्या वाटेवर चुकत असेल, जीव द्यायचं बोलत असेल, किंवा दिवसातून एकदा तिला डोळ्यांनी बघणारं एकही माणूस वाडीवर उरलं नसेल, तर तिच्या मनाविरुद्ध का होईना, हलवावं लागतं. यातलं काही नसेल तर मी तिच्या बाजूने उभी राहीन. चाळीस-पन्नास वर्षांचं घर, कोंबड्या, परसातली आळूची पानं, हाक मारली तर ओ देणारी शेजारीण, हे सोडून चौथ्या मजल्यावर दार लावून बसणं अनेकींना मानवत नाही. मधला मार्ग म्हणजे पावसाळ्याचे दोन-तीन महिने ठाण्याला, परतीचं तिकीट आधीच काढून, आणि ते तिच्या हातात देऊन. परत जायची खात्री असली की बायका यायला तयार होतात. भावाला म्हणावं, वृद्धाश्रमात काही वाईट नाही, काही जणींना तिथे सोबत मिळते आणि त्या सुखात असतात. पण तो आईने बघून, चार दिवस राहून, स्वतः निवडलेला हवा. बघायला जाल तेव्हा कचेरीत बसून माहितीपत्रक वाचू नका. रात्री गोळ्या कोण देतं, कुणी आजारी पडलं तर कुठल्या दवाखान्यात आणि कुणाच्या गाडीतून नेतात, आणि आत राहणाऱ्या बायकांशी एकटीने बोलता येईल का, हे विचारा.

तुम्ही आणि भावाने आपसांत एक ठरवून घ्या. आईचं औषधपाणी कुणाकडे, पैशांचे कागद कुणाकडे. दोघांनी सगळं बघायचं ठरवलं की कुणीच काही बघत नाही. रोजचा फोन ठराविक वेळी असू द्या. 'जेवलीस का' विचारू नका, 'काय जेवलीस' विचारा. 'कुणाकडे गेली होतीस' हेही विचारा. आवाज खोल गेलाय, बोलणं भलतीकडेच जातंय, असं वाटलं तर त्याच संध्याकाळी शेजारी फोन करा. अचानक झालेला गोंधळ हा म्हातारपणी अनेकदा लघवीच्या इन्फेक्शनचा, न्यूमोनियाचा किंवा सोडियम उतरल्याचा पहिला इशारा असतो, आणि तो वेळेत पकडला तर माणूस पूर्ण बरं होतं.

तपासण्यांचे कागद आले की क्रिएटिनिन, सोडियम, हिमोग्लोबिन यांचे आकडे आणि चालू गोळ्यांची नावं इथे लिहा. कुठली गोळी कशासाठी आहे ते मी सांगेन, आणि त्यातली कुठली कमी करता येईल ते तुमच्या डॉक्टरांना काय शब्दांत विचारायचं तेही.